दाराची तार आणि छतातला दिवा

मोटारीत मागाहून बसवलेल्या चोरीविरोधी अलार्मला दार उघडल्याची बातमी मिळते ती बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या एखाद्या संवेदकाकडून नव्हे, तर छतातला दिवा लावण्यासाठी कारखान्यातच टाकून ठेवलेल्या एका बारीक तारेकडून. अलार्मच्या पेटीतून तारांचा जुडगा बाहेर येतो. त्यांतली एक या दिव्याच्या तारेला जोडली की दिवा लागणे आणि सायरन वाजणे या दोन्ही गोष्टी दाराच्या एकाच हालचालीवर अवलंबून राहतात. हे नाते नजरेआड झाले म्हणजे मध्यरात्री विनाकारण वाजणाऱ्या, किंवा दार सताड उघडूनही गप्प राहणाऱ्या अलार्मचा दोष पेटीच्या माथी मारला जातो, पेटी बदलली जाते आणि नवी पेटीही चार दिवसांत तेच करू लागते. दाराच्या तारेतील बिघाड शोधणे म्हणजे वस्तुतः दिव्याचे सर्किट वाचणे होय, आणि ते वाचता आले की बहुतेक कोडी कागद-पेन्सिल घेऊन सुटू शकतात.

त्यासाठी दिव्यापर्यंत वीज कशी पोहोचते हे आधी पाहावे लागते. मोटारीच्या बॅटरीचे निगेटिव्ह टोक जाड केबलने गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेले असते, त्यामुळे गाडीची सारी धातूची बॉडी हीच विजेच्या परतीची वाट ठरते. जमिनीशी तिचा काहीही संबंध नसला तरी कारागिरांच्या बोलीत तिला 'अर्थ' किंवा 'बॉडी अर्थ' म्हणतात. छतातल्या दिव्याला फ्यूजमधून पॉझिटिव्ह पुरवठा चोवीस तास मिळत असतो आणि अडवून ठेवलेली असते ती परतीची वाट. ती मोकळी करणारा स्विच दाराच्या चौकटीत, बिजागऱ्यांच्या बाजूच्या खांबावर बसवलेला असतो: रबरी टोपी घातलेली, बोटाच्या पेराएवढी एक दांडी, तिच्यामागे स्प्रिंग, बॉडीवर धरून ठेवणारा एकच स्क्रू आणि मागून आत जाणारी एकच तार. एका तारेत स्विचचे काम कसे भागते, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे की दुसरी तार म्हणजे तो स्क्रूच. दार बंद असताना दांडी दाबलेली राहते व आतला संपर्क तुटलेला असतो, आणि दार उघडले की स्प्रिंग दांडीला बाहेर लोटते, तार स्क्रूवाटे बॉडीला टेकते आणि दिवा लागतो.

या मांडणीत एक गोष्ट नवशिक्याला हमखास चकवते. दार बंद आणि दिवा विझलेला असताना स्विचच्या तारेवर मीटर लावला, तर तो शून्य नव्हे, चांगले बारा व्होल्ट दाखवतो. दिवा विझलेला असला तरी त्याची फिलामेंट ही अखेर एक अखंड तारच असते. तिच्यातून प्रवाह वाहत नसेल तर तिच्यात दाबही खर्च होत नाही आणि बॅटरीचा सगळा दाब पलीकडच्या टोकापर्यंत जसाच्या तसा येऊन थांबतो. दार उघडताच तीच तार बॉडीला टेकून शून्यावर येते. म्हणजे अलार्मच्या दृष्टीने बारा व्होल्ट याचा अर्थ 'बंद' आणि शून्य याचा अर्थ 'उघडे'. या पद्धतीला निगेटिव्ह ट्रिगर म्हणतात, ट्रिगर म्हणजे अलार्मला जागे करणारा संकेत. काही गाड्यांत, विशेषतः फोर्डच्या अनेक जुन्या मॉडेलांत, स्विच पॉझिटिव्ह बाजूला असतो आणि दिव्याचे दुसरे टोक कायमचे अर्थ केलेले असते. तेथे सगळे उलटे होऊन दार बंद असताना शून्य आणि उघडल्यावर बारा व्होल्ट मिळतात. म्हणूनच अलार्म बनवणाऱ्या अनेक कंपन्या दारासाठी दोन तारा देतात. अमेरिकेत प्रसिद्ध असलेल्या वायपर अलार्ममध्ये निगेटिव्ह ट्रिगरची तार हिरवी आणि पॉझिटिव्हची जांभळी असते. दोहोंपैकी एकच वापरायची असते व दुसरीचे टोक टेपने बंद करून ठेवायचे असते. भारतात नाशिकच्या ऑटोकॉपसह अनेक कंपन्यांचे अलार्म विकले गेले आहेत, आणि कंपनी बदलली की रंगांचा संकेतही बदलू शकतो. एका गाडीतला हिरवा रंग दुसऱ्या गाडीतही तोच अर्थ सांगेल असे गृहीत धरणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. रंग पाहून तार शोधावी खरी, पण मीटर लावून, दार उघडून, मिटून तिची खात्री केल्याशिवाय तिला कात्री लावू नये.

खात्री करण्याची साधने दोन आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. डिजिटल मल्टिमीटरचा आंतरिक रोध साधारण १० मेगाओहम, म्हणजे १ कोटी ओहम, इतका प्रचंड असतो. त्यामुळे तो तपासणीच्या तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही आणि नाजूक सर्किटला धक्का न लावता दाब वाचतो. हाच त्याचा गुण काही वेळा अवगुण ठरतो. कोठेही न जोडलेली, लोंबती राहिलेली तारसुद्धा शेजारच्या तारांच्या सान्निध्याने किंवा ओलाव्यातून झिरपलेल्या विजेने त्याच्या पडद्यावर पाच-सात व्होल्ट दाखवू शकते आणि पाहणाऱ्याला त्या तारेत पुरवठा असल्याचा भास होतो. उलट बल्ब असलेला जुना टेस्ट लॅम्प स्वतः प्रवाह ओढतो, त्यामुळे भासाच्या दाबाने तो पेटत नाही आणि गंजलेल्या जोडावर मंद जळून जोडाची लायकी दाखवतो. तथापि टेस्ट लॅम्प पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कप्लरच्या तारांना कधीही लावू नये, कारण बहुतेक गाड्यांत त्या एअरबॅगच्या असतात व तेवढ्याशा प्रवाहानेही बॅग फुटण्याचा धोका असतो; डॅशबोर्डखाली हात घालण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबण्याची शिस्त याचसाठी पाळायची असते.

आता प्रत्यक्ष बिघाडांकडे वळले असता पहिला मान गंजाला द्यावा लागतो. स्विचचा स्क्रू हीच त्याची परतीची तार असल्यामुळे स्क्रूखालच्या पत्र्यावर गंज किंवा नव्याने मारलेल्या रंगाचा थर आला की परतीची वाट अरुंद होते. कोकणपट्टीतली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत वाढलेल्या गाड्यांत हे जवळजवळ ठरलेले दुखणे आहे. दार उघडल्यावर दिवा लागतो, पण पिवळट आणि मंद. माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो, अलार्मला मात्र तसे करता येत नाही, कारण तारेवर शून्याऐवजी तीन-चार व्होल्ट उरतात आणि 'उघडे' मानायला हा दाब पुरेसा खाली आला का, हे त्या पेटीच्या रचनेवर सोपवले जाते. तपासणी सोपी आहे: दार उघडे ठेवून मीटरची एक सुई स्विचच्या तारेवर आणि दुसरी बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जागी टेकवावी. वाचन व्होल्टच्या एक-दोन दशांशांहून जास्त आले तर स्क्रू काढून पत्रा व स्विचची पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत घासावी आणि पुन्हा बसवताना जोडावर ग्रीसचा पातळ हात द्यावा. दांडीवरची रबरी टोपी फाटलेली असेल तर तीही बदलावी, कारण पाणी आत शिरते ते तिथूनच.

गंज अलार्मला मुका करतो, तर ओल त्याला उगाच ओरडायला लावते, आणि या दुसऱ्या बिघाडात साध्या बल्बची एक दुर्लक्षित कामगिरी उघड होते. स्विचच्या आत साठलेल्या दमटपणातून दार बंद असतानाही थोडी वीज बॉडीकडे झिरपत असते. छतात फिलामेंटचा बल्ब असेल तर त्याचा रोध इतका कमी असतो की तो तारेला बारा व्होल्टच्या जवळ घट्ट धरून ठेवतो आणि झिरपणाऱ्या विजेची दाद लागत नाही. तोच बल्ब काढून हौसेने पांढऱ्या प्रकाशाची एलईडी पट्टी बसवली, किंवा बल्ब उडाला, किंवा दिव्याच्या तीन स्थितींच्या बटणावर 'बंद' ही स्थिती निवडली, की तारेला वर धरणारे बळ जाते. मग उरतो तो केवळ पेटीतला आधार: पेटीच्या आत या तारेला पॉझिटिव्हकडे ओढून धरणारा एक मोठा रोधक असतो, परंतु त्याची ओढ हलकी असते आणि ओलीची गळती तिला सहज हरवते. तारेचा दाब रात्रीच्या दवाबरोबर हळूहळू उतरत जातो आणि पहाटे केव्हा तरी सायरन सुरू होतो. एलईडी बसवल्याला महिने उलटून गेलेले असल्याने आणि ती उन्हाळ्यात बिनतक्रार चाललेली असल्याने पावसाळ्यातल्या या आरड्याशी तिचा संबंध कोणी जोडत नाही. सुदैवाने ती स्वतःच खूण पटवते: अंधारात, सगळी दारे बंद असताना, ती अगदी क्षीण मिणमिणत असेल तर कोणत्या तरी दाराचा स्विच गळतो आहे हे नक्की समजावे. एकेका स्विचची तार काढून पाहत गेले की ज्या दारापाशी मिणमिण थांबते तेच दोषी ठरते. बल्बच्या जागी एलईडी ठेवायचीच असेल तर तिला समांतर एक किलोओहमच्या आसपासचा रोधक जोडल्याने तारेला पुन्हा आधार मिळतो. पण गळका स्विच बदलणे हाच सरळ उपाय.

याहून फसवा बिघाड फ्यूजचा. छतातल्या दिव्याचा फ्यूज अनेक गाड्यांत रेडिओची स्मृती, घड्याळ अशा इतर बारीकसारीक गोष्टींनाही वीज पुरवतो. तो उडाला तर दिवा लागणार नाही एवढेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात दाराची तार बल्बच्या फिलामेंटमधून फ्यूजच्या मृत बाजूला आणि तेथून रेडिओच्या आतल्या मार्गाने अर्थला जाऊन मिळू शकते. पेटीतला तो मोठा रोधक एकटा या वाटेशी झुंजू शकत नाही, तार शून्याजवळ येते, आणि चारही दारे घट्ट बंद असलेली गाडी अलार्मला उघडी भासते. कुलूप लावताना अलार्म नेहमीपेक्षा जास्त वेळा चिवचिवत असेल आणि त्याच वेळी रेडिओचे घड्याळ बंद पडलेले किंवा चुकीची वेळ दाखवत असेल, तर पेटी उघडण्याच्या आधी पाच रुपयांचा फ्यूज काढून उजेडासमोर धरावा.

गाडीला दार एकच नसते, आणि पुढचा घोटाळा त्यातून उद्भवतो. सगळ्या दारांच्या तारा कारखान्यातच एकत्र आलेल्या असतील तर अलार्मची एक तार पुरते. परंतु पुष्कळ गाड्यांत चालकाच्या दाराची तार वेगळी ठेवलेली असते, कारण हेडलाइट चालू ठेवून किंवा किल्ली आत विसरून उतरणाऱ्याला सावध करणारा बझर त्या एकट्या दारावर चालतो. दोन्ही तारा एकत्र पिळून अलार्मला जोडल्या की मागचे दार उघडले तरी तो बझर वाजू लागतो. येथे डायोड लागतो. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा काळा नळीसारखा भाग. त्याच्या एका टोकाला रुपेरी पट्टा असतो आणि वीज बिनपट्ट्याच्या टोकाकडून पट्ट्याकडे वाहते, उलटी वाहत नाही. '१ एन ४००७' या नावाचा, एक अँपियरचा डायोड कोणत्याही इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात काही रुपयांत मिळतो व या कामाला पुरून उरतो. निगेटिव्ह ट्रिगरमध्ये प्रवाह पेटीकडून दाराच्या स्विचकडे व तेथून बॉडीत जातो, म्हणून प्रत्येक दारासाठी एकेक डायोड घेऊन त्याचा पट्टा दाराकडे आणि बिनपट्ट्याची टोके एकत्र करून अलार्मकडे ठेवायची. पॉझिटिव्ह ट्रिगरमध्ये हीच दिशा उलटते. डायोड उलटा लागला तर काहीही जळत नाही, काहीही वाजत नाही, आणि नेमकी हीच त्यातली वाईट गोष्ट आहे, कारण ते दार कायमचे राखणीबाहेर गेल्याचे मालकाला चोरी होईपर्यंत कळत नाही. डायोड आपल्यासाठी सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो हेही विसरता येत नाही. स्वच्छ स्विचपुढे ते नगण्य आहे, पण गंजलेल्या स्विचने आधीच दोन व्होल्ट अडवून ठेवले असतील तर हे पाऊण व्होल्ट पारडे झुकवू शकतात. दोन क्षुल्लक दोष मिळून एक मोठा दोष होतो तो असा, आणि एकेकटे तपासले असता दोन्ही निर्दोष भासतात.

दार मिटल्यावरही दिवा काही सेकंद जळत राहून हळूहळू विझावा, ही सोय आल्यापासून आणखी एक तक्रार वाढली. अलार्मची तार दिव्यापाशी जोडलेली असेल तर दिवा पूर्ण विझेपर्यंत पेटी दार उघडेच समजते, चिवचिवाट करून तसे कळवते आणि त्या दारावरची राखण तेवढा वेळ सोडून देते. जोड दिव्याकडून उचलून दाराच्या स्विचकडे, म्हणजे वेळ लावणाऱ्या यंत्रणेच्या अलीकडे नेला की तक्रार मिटते. काही जुन्या, स्वस्त अलार्मांत तर दाराची तारच नसते. दिवा लागताच बॅटरीचा दाब जो किंचित घसरतो त्यावरून ते दार ओळखतात. अशा अलार्मला इंजिन बंद झाल्यावर आपोआप फिरू लागणारा रेडिएटरचा पंखाही चोरच वाटतो, आणि जेमतेम वीज खाणारा एलईडी दिवा लागलेला जाणवतच नाही.

येथवरचे वर्णन एका स्क्रूच्या स्विचचे झाले. गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत तो स्विच चौकटीतून नाहीसा होऊन दाराच्या कुलपाच्या आत, मायक्रोस्विचच्या रूपाने गेला आहे. त्याची तार दारातून खांबात जाताना अकॉर्डियनसारख्या रबरी नळीतून जाते, आणि दार उघडमिट होताना दरवेळी वाकून वाकून तिचे तांबे आवरणाच्या आत तुटते. वरून तार धडधाकट दिसते, दार एका विशिष्ट कोनात आले की संपर्क जुळतो आणि दुसऱ्या कोनात तुटतो. तारेचे एक टोक चिमटीत धरून हलके ताणावे. आवरण रबरासारखे लांबले तर आतले तांबे गेले आहे. कुलपापासून निघालेली तार पुढे दिव्याकडे न जाता बॉडी कंट्रोल मॉड्यूल या छोट्या संगणकाकडे जाते, जो दिवा, काचा, कुलुपे यांचा कारभार पाहतो. हा संगणक स्विचवर स्वतःचा बारीक पुरवठा पाठवतो, आणि काही गाड्यांत बॅटरी वाचवण्यासाठी तो सतत न पाठवता ठोक्याठोक्याने पाठवतो. अशा तारेला अलार्म जोडला तर तो ते ठोकेच दाराची उघडमिट समजतो.

संगणकाच्या पुढे तर दार उघडल्याची खबर दाबाच्या रूपाने उरतच नाही, ती निरोप बनून कॅन या जाळ्यातून फिरते. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये या जाळ्याचे काम हाती घेतले आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंता परिषदेत ते जगापुढे मांडले. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा, शांत असताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट, आणि निरोप जाताना एक ३.५ कडे चढते व दुसरी १.५ कडे उतरते, तेही सेकंदाला लाखो वेळा घडू शकते. साध्या मीटरला त्या धावपळीची केवळ सरासरी दिसते. दार उघडले काय नि मिटले काय, आकडा अडीचच्या आसपासच राहतो. येथे तार तोडून अलार्म जोडण्याचा प्रयत्न करणे म्हणजे गाडीच्या इतर यंत्रणांचे बोलणे बिघडवणे होय. अशा गाडीत हे निरोप समजणारा, त्या मॉडेलसाठी बनवलेला अलार्मच घ्यावा, आणि हमीचा काळ चालू असेल तर काम अधिकृत सेवा केंद्राकडेच सोपवावे.

जुन्या गाडीत मात्र सगळे यश अखेर जोडावर अवलंबून असते. तारेचे साल सोलून दोन वेटोळे देणे आणि वर काळी टेप गुंडाळणे हा रस्त्याकडेचा रिवाज फार काळ टिकत नाही: डॅशबोर्डखाली उन्हाळ्यात टेपचा चीक पाघळतो, टेप सुटते, आणि उघडे पडलेले तांबे जवळच्या कंगोऱ्याला टेकले की दार बंद असून उघडे ठरते. जोडाला डाख द्यावा किंवा दाबून बसवायची नळी वापरावी, त्यावर गरम करून आवळणारे प्लॅस्टिक चढवावे आणि तार हार्नेसला, म्हणजे कारखान्याच्या तारांच्या जुडग्याला, बांधून टाकावी. भारतातील २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने पुण्याच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी उपकरणाला स्वनुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, कमाल ५०० रुपये, सवलत ठेवली होती. तिच्यासाठी उपकरणाच्या मान्यतेबरोबर ते रीतसर बसवल्याचा ऑटोमोबाइल असोसिएशनचा दाखलाही मागितला जात असे, आणि ती अट अगदी योग्य होती. दर पंधरवड्याला उगाच वाजणाऱ्या सायरनकडे सोसायटीतले कोणी खिडकीतून डोकावूनही पाहत नाही, आणि खरी चोरी होते त्या रात्रीही पाहत नाही.

काम पुरे झाले की परीक्षा दारागणिक घ्यावी. प्रथम धक्का ओळखणाऱ्या संवेदकाचा कप्लर काढून ठेवावा, म्हणजे आवाज झाला तर तो दारामुळेच झाला याविषयी शंका उरणार नाही. एक काच खाली करून गाडीला रिमोटने कुलूप लावावे, अर्धा मिनिट थांबावे, काचेतून हात घालून आतल्या कडीने ते दार उघडावे. सायरन वाजला की बंद करून पुढच्या दाराकडे जावे, आणि डिकी व बॉनेटही वगळू नयेत. त्यानंतर दारांच्या चौकटींवर पाण्याचा पाइप मारून गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळपर्यंत ती शांत राहिली, तर कोणत्या रंगाची तार कोठे जोडली, डायोड कोठे आहेत आणि दार बंद-उघडे असताना तेथे किती व्होल्ट मिळाले, हे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी फ्यूजच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी, कारण पुढच्या पावसाळ्यात त्या तारांपाशी वाकणारा हात बहुधा दुसऱ्याच कोणाचा असेल.